खांबामागची बाई

पुण्यातल्या तापकीर गल्लीत वायरींचे भारेच्या भारे दारात लटकलेले असतात, पण मच्छिंद्रअप्पांना हवी ती वायर काही कुणाकडे निघेना. एका दुकानदाराने तर त्यांच्या पिशवीतला जुना हँडीकॅम उलटासुलटा करून पाहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आजोबा, आपण दुकान चुकलात. केळकर संग्रहालय पलीकडे आहे."

"बटण दाबलं की कामाला लागतो हा," अप्पा म्हणाले. "बोलत बसत नाही."

दुकानदार खूश झाला. त्याने खालचा खण उपसला, गुंत्यातून एक करडी वायर सोडवली, फुंकर मारून धूळ उडवली आणि अप्पांच्या हातात ठेवली. "हे टोक कॅमेऱ्याला, ते जुन्या कॉम्प्युटरला. नव्याला नाही लागायचं. आणि घाई करायची नाही. तासाची टेप उतरायला तासच लागतो. समोर बसून सगळी बघावी लागते."

"बघायलाच तर चाललोय," अप्पा म्हणाले.

आता हे अप्पा कोण, ते सांगायला हवं. मूळचं लोणी काळभोरचं शेतकरी घर, पण उमेदीची सगळी वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या गाळ्यावर गेली. बायको शकू लग्नानंतर थोड्याच वर्षांत काविळीने गेली. पोर वैष्णवी तेव्हा रांगत होती. अप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. थोरली बहीण गोदाबाई विधवा होऊन माहेरी आलेली. दोघा भावंडांनी मिळून पोर वाढवली. आणि पोर अशी निघाली की खो-खोच्या मैदानावर तिच्यामागे पळणाऱ्या मुलींची जीभ बाहेर यावी. जिल्ह्याच्या संघात तिचं नाव आलं त्याच आठवड्यात अप्पांनी हँडीकॅम घेतला. गुळाच्या व्यापाऱ्याला कॅमेरा कशाला, म्हणून गाळ्यागाळ्यावर चेष्टा झाली. अप्पा छाती काढून म्हणत, "तुमच्या पोरी पळायला लागल्या की तुम्हीही घ्या."

तिथपासून वैष्णवीच्या प्रत्येक मोठ्या सामन्याला अप्पा दोरीशेजारी उभे. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला चिकटलेला.

आता वैष्णवी राज्याच्या मुलींच्या संघाची प्रशिक्षक झाली होती. तिचा स्वतःचा संसार होता, आणि संसारापेक्षा मोठं मैदान होतं. लोणीकरांनी रविवारी तिचा सत्कार ठरवला होता, मोठ्या पडद्यावर तिचे जुने सामने दाखवायचे होते. टेपा स्टुडिओत देऊन टाका, असं ज्याने त्याने सुचवलं. अप्पांनी साफ नकार दिला. "माझ्या लेकीचा खेळ परक्याच्या हातात द्यायचा नाही. मी काढलाय, मीच उतरवणार."

सत्काराच्या भाषणात ते काय बोलणार, हेही गोदाबाईंना पाठ होतं. "मी तिचा बापही झालो आणि आईही झालो. आईची उणीव कधी भासू दिली नाही." यावर टाळ्या पडत. वैष्णवी खाली बघून हसत असे.

अप्पांच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत तिचा कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर अजून चादरीखाली झाकून ठेवलेला होता. अप्पांनी जेवण झाल्यावर तो सुरू केला. काचेवर उजेड पडतो म्हणून खिडकीचे पडदे ओढले. खोलीत तपकिरी अंधार झाला. लांबवर हायवेची घरघर तेवढी उरली. टेपांचा डबा उघडला तसा कोंदट प्लॅस्टिकचा वास आला. पहिली टेप कॅमेऱ्यात सरकली, आतली चक्रं किरकिरली, पडद्यावर निळे-काळे चौकोन थरथरले. आणि मग लख्ख ऊन, चुन्याच्या रेषा, तांबडी माती. दोन वेण्या घातलेली त्यांची वैष्णवी कमरेवर हात ठेवून उभी होती.

काय पळत होती पोर! दोन मुलींच्या मधून अशी निघायची, जसा ओल्या हातातून साबण. पडद्यासमोर एकटेच बसून ते "शाब्बास!" म्हणाले. पडद्यातल्या अप्पांनीही कॅमेऱ्यामागून त्याच क्षणी "शाब्बास!" म्हटलं.

बाई त्यांना दिसली ती पहिला डाव संपल्यावर. वैष्णवी बाहेर येऊन बसली होती आणि मैदानावर दुसऱ्याच संघाच्या मुली पळत होत्या. लोकांची डोकी खेळाबरोबर इकडून तिकडे वळत होती. लांबच्या खांबामागे, नीलगिरीच्या झाडाखाली एक बाई उभी होती. तिचं डोकं हलत नव्हतं. ती वैष्णवीकडे बघत होती. हिरवी साडी, डोक्यावर पदर, पदराचं टोक दातांत धरलेलं.

अप्पांचा हात गुडघ्यावर थांबला. काळजीत असली की पदर असा दातांत धरणारी एकच बाई त्यांना माहीत होती. पण ती होती पोरसवदा, अंगाने काटकुळी. ही तिशी ओलांडलेली, भरल्या चेहऱ्याची. शकूची थोरली बहीण शोभली असती. शकूला बहीण नव्हती.

"असतात सारखी माणसं," अप्पा स्वतःशी म्हणाले आणि त्यांनी दुसरी टेप लावली.

दुसरी टेप दुसऱ्या गावची, दोन वर्षांनंतरची. ती बाई याही मैदानावर होती. या वेळी खांबाच्या बरीच जवळ. साडी तीच, पण रंग उतरलेला, जशी बऱ्याचदा धुतलेली साडी दिसते. वैष्णवी खांबाकडे धावली तेव्हा अप्पांनी त्या काळी तिच्यावर झूम केला होता. त्या झूममध्ये तिच्या मागची बाईही मोठी झाली. कपाळावर ठसठशीत कुंकू. कानाशी एक रुपेरी केस. हनुवटीवर गोंदलेले हिरवे ठिपके.

खोलीत ओल्या हळदीचा वास आला. अप्पांनी मागे वळून पाहिलं. दार बंद होतं.

"अक्का..." त्यांनी हाक मारली. "अक्का, जरा इकडं ये."

गोदाबाई हात पुसत आल्या. चष्मा सारखा करून पडद्यापाशी वाकल्या. "काय हाय?... वैशी हाय की. किती वाळली होती बघ तवा."

"वैशी नव्हे. मागं बघ. खांबाच्या मागं."

गोदाबाईंनी पाहिलं. टेप किरकिरत राहिली, पडद्यातले लोक ओरडत राहिले. मग त्या हळूच पलंगाच्या कडेला टेकल्या.

"मच्छिंदर... ही साडी मी नेसवलेली हाय."

"कुणाला?"

"तुला ठावं हाय कुणाला." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी. मीच नेसवली. मळवट मीच भरला. तू बाहेर बसला होतास... पोरीला मांडीवर घेऊन..."

"पण अक्का, शकू गेली तवा नुसती पोरगी होती. आणि ही बाई..."

"व्हय," गोदाबाई म्हणाल्या. "वय झालंय तिचं."

मेलेलं माणूस दिसलं तर ते जसं गेलं तसंच दिसतं, हे दोघांनी लहानपणापासून ऐकलेलं. म्हातारं होणारं मेलेलं माणूस कुणी ऐकलं होतं? म्हणजे इतकी वर्षं ती कुठंतरी राहत होती. कुठंतरी ती साडी धूत होती, वाळत घालत होती, पुन्हा नेसत होती. कुठं?

शहाण्या माणसाने डबा तिथेच बंद केला असता. पण अप्पांना राहवेना. रोज दुपारी पडदे ओढून ते टेपा उतरवायला बसत, आणि गोदाबाई माळ हातात धरून शेजारी बसत. प्रत्येक सामन्याला शकू होती. वर्ष बदलावं तशी ती जवळ येत होती. आधी खांबामागे, मग दोरीपाशी, मग लोकांच्या पहिल्या रांगेत. केस पिकत होते, साडी विरत होती. वैष्णवी बाद झाली की ती तोंड फिरवायची. वैष्णवीने गडी टिपला की दोन्ही हात उंच करायची. तिच्या आसपासचे लोक तिच्याकडे बघत नसत, पण तिच्याजवळ एका माणसापुरती जागा मात्र मोकळी सुटलेली असे.

शेवटच्या काही टेपांत ती दिसेनाशी झाली. अप्पांना हायसं वाटलं. मग गोदाबाईंनी बोट उचललं.

"ऐक."

कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, उजव्या कानाशी म्हणावं इतक्या जवळ, काकणं वाजत होती. मैदानावर वैष्णवी वळली की काकणं वाजत. आणि मातीवर कॅमेरा धरलेल्या अप्पांची सावली पडली होती, तिच्या खांद्याला खांदा लावून दुसरी एक सावली होती. डोक्यावर पदर घेतलेली.

"मला कसं कळलं नाही?" अप्पा म्हणाले. "अक्का, इतकी शेजारी उभी होती..."

"तुझा एक डोळा मिटलेला आणि एक त्या यंत्रात," गोदाबाई म्हणाल्या. "कळायचं कसं?"

राहिली सांगलीची टेप.

ती अप्पांनी एकदाही पाहिली नव्हती. राज्याचा अंतिम सामना. वैष्णवीने खांबावर सूर मारला आणि तिचं डोकं खांबावर आपटलं. आवाज अप्पांना अजून झोपेत ऐकू येई. हातातला कॅमेरा तसाच खुर्चीवर टाकून ते पळाले होते. पंचांनी त्यांना दोरीशी धरून ठेवलं. पोर निपचित पडली होती. मग कशी कोण जाणे, तिने डोळे उघडले, डॉक्टरांनी तपासलं, आणि दुसऱ्या डावात तीच पुन्हा उतरली. शेवटचा गडी तिनेच टिपला. महाराष्ट्राचा करंडक त्या दिवशी पुण्याने उचलला तो तिच्या जोरावर. कॅमेरा कुणीतरी नीट पिशवीत घालून ठेवला होता. कोण भला माणूस, म्हणून अप्पांनी तेव्हा मनातल्या मनात हात जोडले होते.

"नको लावूस ती," गोदाबाई म्हणाल्या.

"लावतो. आता मधे थांबता यायचं नाही."

सामना सुरू झाला. सूर. तो आवाज. चित्र गरकन फिरलं आणि आडवं झालं. खुर्चीवर कलंडलेल्या कॅमेऱ्यातून माती, धावणारे पाय, कुणाचं तरी "पाणी आणा, पाणी!" दिसत-ऐकू येत होतं. पायांच्या फटीतून आडवी वैष्णवी दिसत होती. आणि त्या पायांमधून, सावकाश, कसलीही घाई न करता, एक विरलेली हिरवी साडी चालत गेली.

शकू वैष्णवीच्या उशाशी बसली. तिने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळावरची माती पदराने पुसली. कानाशी वाकून काहीतरी बोलत राहिली. डॉक्टर पेटी उघडत होते, पंच हात हलवत होते, कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. पण तिला पाय लागणार नाही इतकी वाट सगळे सोडत होते.

वैष्णवीने डोळे उघडले.

शकू उठली. वळली. आणि सरळ कॅमेऱ्याकडे चालत आली. जवळ... आणखी जवळ. साडीचा हिरवा रंग पडदाभर झाला. मग चित्र हललं, उचललं गेलं आणि सरळ झालं.

गोदाबाईंची माळ थांबली.

पडद्यावर आता अप्पा होते. इतक्या टेपांत पहिल्यांदाच स्वतः अप्पा. काळ्याभोर केसांचे, दोन्ही हातांत लेकीचं तोंड धरून हमसून हमसून रडणारे. कॅमेरा त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग मागून, धाप लागल्यासारखा, एक दबका आवाज आला.

"रडू नगा... उठली न्हवं का... आपली हाय ती..."

तो आवाज ऐकून अप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. शकूचा आवाज कसा होता, हे ते विसरून गेले होते. तो असा होता.

पुढचा सगळा सामना तिनेच काढला होता. हात थरथरत होता. झूम करणं तिला माहीत नसावं. म्हणून ती चालत पुढे गेली. चुन्याची रेषा ओलांडून, दोन खांबांमधल्या पाटीवर बसलेल्या मुलींच्या मधून, थेट मैदानात. शेवटचा गडी टिपताना वैष्णवीची बोटं कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर होती. तिच्या दातांत अडकलेली माती दिसत होती. उडालेली धूळ काचेवर बसली. असं चित्रण मैदानाच्या आत उभं राहिल्याशिवाय होत नाही, आणि मैदानाच्या आत त्या वेळी कुणीही उभं नव्हतं.

मग आरोळ्या, ढोल, वैष्णवी सगळ्यांच्या खांद्यावर. एक तळहात काचेवर आला. अंधारात पिशवीची चेन ओढल्याचा आवाज झाला आणि टेप संपली.

अप्पांच्या अंगावर काटा होता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसूही होतं. लेकीचा अभिमान त्यांनी इतकी वर्षं एकट्याने वाहिला होता, गावभर मिरवला होता. तो वाहायला शेजारी आणखी एक खांदा होता.

"अक्का, मी सगळीकडं सांगत फिरलो... मीच तिची आई झालो म्हणून."

"आता नगं सांगू," गोदाबाई म्हणाल्या.

वैष्णवीला आज सांगायचं, असं अप्पांनी ठरवलं. आईचा एकच फोटो तिच्याजवळ होता, लग्नातला, मुंडावळ्यांनी अर्धा झाकलेला. आपली आई मैदानावर येत होती, एकही सामना तिने चुकवला नव्हता, हे पोरीला कळायलाच हवं. भीती वाटली तरी चालेल.

संध्याकाळी वैष्णवी सरावावरून थेट आली. गळ्यात शिट्टी, बुटांवर माती. "झालं का अप्पा, कॅप्चर? दाखवा ना!" म्हणत तिने स्टूल ओढलं. अप्पांनी दुसऱ्या टेपमधली जागा काढली. बोलायला ते घसा साफ करतात तोच वैष्णवी पुढे झुकली.

"अय्या! ह्या काकू!"

अप्पांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "तू... ओळखतेस हिला?"

"ओळखते म्हणजे? माझ्या लकी काकू आहेत त्या. प्रत्येक मॅचला असतात. अगदी लहान होते ना, तेव्हापासून. पण कॅमेऱ्यात आल्यात हे माहीत नव्हतं. किती तरुण दिसतायत इथे!"

"प्रत्येक मॅचला... म्हणजे अजूनही?"

"हो की. माझ्या टीमच्या मॅचेसनासुद्धा येतात. परवा बालेवाडीला आल्या होत्या. तुम्ही गुडघ्यामुळे हल्ली येत नाही, नाहीतर भेटच घालून दिली असती."

गोदाबाईंनी स्टुलापलीकडून अप्पांचं मनगट धरलं.

"काही बोलते का ती?" त्यांनी विचारलं.

"फारसं नाही बोलत, आत्या. 'बरी पळतीस गं बाय,' एवढंच म्हणायच्या पूर्वी. आता खूप थकल्यात. परवा स्टँडच्या पायऱ्या चढताना मीच हात दिला. हाताला काही वजनच नाही हो. पण अभिमान कसला आहे त्यांना! शेजारच्या बायकांना सांगत होत्या, ही पोर आमची म्हणून. मला इतकं बरं वाटलं ना..." ती हसली. पडद्यावरच्या हिरव्या साडीवर तिने कौतुकाने बोट टेकवलं. "जाताना म्हणाल्या, 'आता एकटीनं यायला व्हत न्हाई. म्होरल्या मॅचला ह्यांना संगं घिऊनच येते.' मी म्हटलं, आणा ना काकांना. पुढच्या रांगेत दोघांच्या खुर्च्या धरून ठेवते."

खोलीत टेप किरकिरत होती. गोदाबाईंची बोटं अप्पांच्या मनगटात रुतली होती.

"कधी आहे गं पुढची मॅच?" अप्पांनी विचारलं.

"शनिवारी." वैष्णवी वळली आणि तिचा चेहरा उजळला. "का हो अप्पा? येताय तुम्ही?"